चाचा आणि अर्ध्या शेपटीचा तहसीलदार

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे ड्रायव्हर चाचा यांनी अकरा वर्षांत माझ्यासमोर कुठल्याही मागणीला 'नाही' असं उत्तर एकदाही दिलं नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर आहे का? "येऊन राह्यला." सापाची लस? "येऊन राह्यली." रिकाम्या जागेवर दुसरे डॉक्टर? "येऊन राह्यले ना जी, निघाले तिथून." कुठून निघाले ते विचारायचं नसे. साताऱ्याकडचे एक तरुण डॉक्टर आमच्याकडे रुजू झाले, तेव्हा त्यांनी पहिले आठ दिवस दर सकाळी फाटकापर्यंत जाऊन सिलिंडरची वाट पाहिली. नवव्या दिवशी मीच त्यांना सांगितलं, "साहेब, 'येऊन राह्यला' म्हणजे नाहीये." दहाव्या दिवसापासून डॉक्टर फाटकाकडे गेले नाहीत.

मी चाचांना यावरून बोललेही. त्यांचं म्हणणं ठरलेलं होतं. "सिस्टर, पेशंट दहा कोस चालत येते. त्याले 'नाही' म्हटलं तं तो तसाच परत जाते. 'येऊन राह्यलं' म्हटलं तं बसते. बसला म्हणजे तुम्ही काही तरी करताच ना?" हे खरं होतं. बसलेल्या माणसासाठी काहीतरी करावंच लागतं.

आमचं केंद्र वणीच्या पुढे, जंगलाच्या कडेला. नाव लिहीत नाही. लिहिलं तर चौकशी लागेल. चाचा मूळचे वणीचे. त्यांच्या वडिलांचं कोळशाच्या ट्रकांचं गॅरेज होतं, त्यामुळे इंजिन उघडणं चाचांना टिफिन उघडण्याइतकं सोपं. सेवापुस्तकात त्यांचं पूर्ण नाव होतं, पण ते फक्त सेवापुस्तकानंच वापरलं. बाकी शिपायापासून जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांचे ते चाचाच. केंद्राची जीप त्यांच्या ताब्यात होती. तिच्या मागच्या दाराची कडी मोडल्यापासून ते दार एका स्टीलच्या चमच्यानं उघडायचं. चमचा चाचांच्या खिशात असे. त्याच चमच्यानं ते डब्यातली भाजी खात आणि धुऊन परत खिशात ठेवत. मी एकदा म्हटलं, "चाचा, हे आरोग्य केंद्र आहे." ते म्हणाले, "म्हणून तं धुतो."

याच काळात आमच्या खात्यात सुधारणा सुरू झाल्या. सुधारणेविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. फक्त ती आधी मोबाईलवर आली आणि मोबाईलला आमच्याकडे रेंज नव्हती. लसीकरण, बाळंतपणं, गाडीच्या फेऱ्या, आमची हजेरी, सगळं फोटो काढून वर पाठवायचं. रेंज मिळे ती फक्त नाल्यापलीकडच्या चिंचेखाली. तेव्हा दुपारी चारला केंद्राचा अर्धा स्टाफ चिंचेखाली हात वर करून उभा. चाचा जीपच्या टपावर चढून आमचे सगळ्यांचे फोन केरसुणीला बांधून उंच धरत. त्या चिंचेला त्यांनी 'मंत्रालय' नाव दिलं होतं. कोणी विचारलं, सिस्टर कुठं आहे, तर शांतपणे सांगत, "मंत्रालयात गेल्या आहे, येऊन राह्यल्या."

मग ते पत्र आलं. दर्जा तपासणी होणार. केंद्राला गुण मिळणार. गुण पुरेसे पडले तर निधी; कमी पडले तर केंद्रातला प्रसूती कक्ष बंद करून तालुक्याच्या रुग्णालयात विलीन. विलीन हा शब्द लिहायला छान आहे. आमच्याकडच्या बाईला त्याचा अर्थ असा, की कळा सुरू झाल्यावर आधी पोडातून आमच्यापर्यंत यायचं (कोलामांच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात) आणि मग तेवढाच रस्ता तीनदा कापायचा. पावसाळ्यात नाला भरला की तोही नाही. माझ्या हातची किती बाळंतपणं जीपमध्येच झाली असती, याचा मी अंदाज केला आणि पत्र फाईलला लावलं.

गुणांची यादी पस्तीस पानांची. व्हीलचेअर, अग्निशामक नळकांडं, वजनकाटे, पडदे, कुंड्या, दिशादर्शक फलक. यातलं निम्मं आमच्याकडे नव्हतं, कारण निधी नव्हता. निधी नव्हता, कारण गुण नव्हते. मी हे चाचांना समजावून सांगितलं. त्यांनी कान खाजवला. "म्हणजे गाडी चालू असन तं पेट्रोल भेटन?"

"तसंच."

"वा! हे डोकं कोणाचं आहे जी? त्याले गॅरेजवर ठेवावं लागते."

डॉक्टरसाहेब मात्र खचले होते. यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "इथे 'प्रतीक्षा कक्षात प्रसन्न वातावरण' आहे. तेवढे गुण तरी आपले. आपल्याकडे मासा आहे."

मासा होता. एका माजी सरपंचानं काचेची पेटी आणि सहा सोनेरी मासे केंद्राला भेट दिले होते. पाच वारले. सहावा, ज्याची शेपटी त्या पाचांपैकी कोणीतरी अर्धी खाल्ली होती, तो टिकला. चाचांनी त्याचं नाव तहसीलदार ठेवलं होतं. "तोंड उघडते, बंद करते, आपल्याकडं पाह्यते. बोलत काही नाही. पण बसला आहे तं बरं वाटते."

उपाय चाचांनीच काढला. तपासणी एकाच दिवशी तीन केंद्रांची होती: सकाळी आमचं, दुपारी जंगलातलं, संध्याकाळी घाटाखालचं. तिघांकडे मिळून यादीतलं जवळपास सगळं सामान होतं. एकाकडे व्हीलचेअर, दुसऱ्याकडे कुंड्या, आमच्याकडे तहसीलदार. तपासणीची गाडी डांबरी रस्त्यानं तालुक्याला वळसा घालून, मध्ये जेवून जाणार. चाचा तेच सगळं सामान जीपमध्ये घालून जंगलातल्या बैलगाडीच्या वाटेनं अर्ध्या वेळात पोचणार.

मी म्हटलं, "चाचा, ही फसवणूक आहे."

"कायची फसवणूक? पोरगी पाह्यले पाहुणे येते तं अख्ख्या मोहल्ल्याच्या कपबशा एका घरी जमा होते का नाही?"

"होतात."

"सतरंजी शेजारची, पंखा मामाचा. कोणी पोलिसात जाते का? पोरगी तं घरचीच असते ना!"

माझ्या स्वतःच्या वेळी सोफा शेजारच्या गुरुजींचा होता.

पुढचे पंधरा दिवस पाठांतरात गेले. तपासणीवाले शिपायालाही प्रश्न विचारतात, ड्रायव्हरलाही. कोणता कचरा कोणत्या रंगाच्या बादलीत, हात किती पायऱ्यांनी धुवायचे. चाचांना बादल्या पाठ झाल्या, पण आगीच्या प्रश्नावर ते अडत.

"चाचा, केंद्राला आग लागली. प्रथम काय कराल?"

"गाडी बाहेर काढीन."

"प्रथम पेशंट!"

"पेशंट गाडीतच बसवीन ना जी. गाडीच जळली तं बसवू कायच्यात? मंग तुम्हाले काढीन."

"आणि डॉक्टरसाहेब?"

"ते तं आधीच पळून राह्यले असन." डॉक्टरसाहेब समोरच बसले होते. त्यांनी ते नाकारलं नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी साडेदहाला मॅडम आल्या. पन्नाशीच्या, कॉटनच्या साडीतल्या, स्वतः डॉक्टर. बरोबर टॅब घेतलेले दोन कारकून. आमचं केंद्र त्या दिवशी लग्नघरासारखं दिसत होतं. मी त्यांना सगळं फिरवून दाखवलं. व्हीलचेअर पाहिली, टिक. कुंड्या, टिक. मग मॅडम माशाच्या पेटीपुढे थांबल्या आणि हलेनात. त्यांच्या घरी मासे होते. त्यांनी पर्समधून चष्मा काढला, वाकून पाहिलं.

"याची शेपटी अशी का?"

"जन्मापासून," चाचा म्हणाले.

"मांजर," डॉक्टरसाहेब त्याच क्षणी म्हणाले.

मॅडमनी दोघांकडे पाहिलं. मी म्हटलं, "मॅडम, लेबर रूम बघता ना?"

बारा वाजता त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि आम्ही तुटून पडलो. दहा मिनिटांत जीप भरली. व्हीलचेअर टपावर, कुंड्या सीटखाली, माशाची काचेची पेटी दोन गाद्यांच्या मध्ये. मी बाळंतपणाची पेटीही टाकायला लावली. बाळाला श्वास देण्याची रबरी पिशवी आणि मास्क त्यात होते. यादीत त्यालाही गुण होते म्हणून, खरं सांगायचं तर. तहसीलदाराला दुधाच्या किटलीत घातलं. किटली कोणी धरायची, हा प्रश्न निघाला. चाचा म्हणाले, "सिस्टर, तुमचा हात इंजेक्शनले हलत नाही, तुम्हीच धरा."

त्या वाटेबद्दल काय सांगू? बावीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ काही मांडीवर घेतलं आहे, पण मासा पहिलाच. नाल्यात जीप अशी उडाली, की तहसीलदार किटलीच्या तोंडापर्यंत आला, माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली गेला. "आहे का?" चाचा दर पाच मिनिटांनी विचारत. "आहे," मी म्हणे. "मग हळू चालवा." "हळूच चालवून राह्यलो. रस्ता जोरात आहे."

जंगलातल्या केंद्रात त्या दिवशी फक्त औषधं देणारे भाऊ आणि एक शिपाई. तिथले डॉक्टर ट्रेनिंगला पाठवलेले. ट्रेनिंगचा विषय 'मनुष्यबळाचा योग्य वापर'. सिस्टरची ड्युटी दुसरीकडे लावलेली. आम्ही कुंड्या मांडल्या, घड्याळ टांगलं, पेटीत पाणी भरून तहसीलदाराला सोडलं. बाळंतपणाची पेटी तेवढी जीपमध्ये राहिली, आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मॅडम जेवल्याच नव्हत्या. अर्धा तास आधी आल्या होत्या.

चाचा मागच्या दारानं निसटले. मी रिकामी किटली हातात घेऊन हॉलच्या मधोमध. सकाळी त्यांना फिरवणारी सिस्टर मीच. बाकावर एका म्हातारीची शाल पडली होती. ती मी डोक्यावरून ओढून घेतली आणि पेशंटमध्ये जाऊन बसले. म्हातारी बोलू लागली तेव्हा तिला कोपरानं गप्प केलं.

मॅडम आत आल्या आणि थेट माशाच्या पेटीकडे गेल्या. पाणी अजून हिंदकळत होतं. त्यांनी चष्मा लावला.

"हा मासा मी सकाळी पाहिलाय."

औषधंवाले भाऊ म्हणाले, "मॅडम, हा त्याचा भाऊ आहे."

"त्याचीही शेपटी अर्धी?"

"घराण्यातच आहे मॅडम."

कारकुनानं टॅबवर काहीतरी लिहिलं, मॅडमनी खोडायला सांगितलं आणि बाकाकडे वळल्या. माझ्यासमोर येऊन थांबल्या. "बाई, तुम्हाला काय होतंय?"

"चक्कर," मी शालीतून म्हटलं. ते खोटं नव्हतं.

"आणि किटली?"

उत्तर द्यावं लागलं नाही. बाहेर बैलगाडी थांबली आणि दोन बाया एका तिसरीला धरून आत आल्या. पोडावरची पोरगी, तिसरं बाळंतपण, आणि चेहऱ्यावरूनच कळत होतं की आता वेळ फार नाही. शिपाई म्हणाला, "सिस्टर नाही इथं." तेव्हा चक्कर आलेल्या बाईनं शाल म्हातारीच्या अंगावर टाकली, किटली मॅडमच्या हातात दिली आणि हात धुवायला गेली. सगळ्या पायऱ्यांनी.

टेबलावर घेतलं तेव्हा डोकं दिसतच होतं. मॅडम पदर खोचून माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. किटली कुठं ठेवली कोण जाणे. मुलगी झाली. निळसर, सैल, आणि रडेना. पुसलं, पाठ चोळली, तोंड साफ केलं. नाही.

"श्वासाची पिशवी!" मॅडम म्हणाल्या.

मी शिपायाकडे पाहिलं. त्यानं कपाट उघडलं, बंद केलं आणि म्हणाला, "येऊन राह्यली."

चाचांचं वाक्य इथपर्यंत पोचलं होतं. इतक्या वर्षांत मला त्याचा राग आला नव्हता, तो तेव्हा आला. बसलेल्या माणसाला ते चालतं. त्या नुकत्याच जन्मलेल्या पोरीला चालणार नव्हतं. मी खिडकीतून ओरडले, "चाचा! पिशवी!"

बाहेर चमचा खडखडला. जीपचं दार आपटलं. आणि पडद्याआडून, तोंड दुसरीकडे वळवून, अख्खी पेटी आत ढकलत चाचा म्हणाले, "आणली!"

अकरा वर्षांत तो शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

मास्क मॅडमनीच धरला, पिशवी मी दाबली. किती वेळा ते मोजलं होतं, आता आठवत नाही. पोरगी आधी कण्हली, मग रडली, आणि एकदा रडायला लागल्यावर थांबेना. बाहेर बाकावरची म्हातारी जोरात म्हणाली, "झाली वं, झाली!"

अर्ध्या तासानं मॅडम हॉलमध्ये बसल्या होत्या. पुढ्यात चहा. त्यांनी बाळंतपणाची पेटी उलटी करून पाहिली. तिच्यावर लाल रंगात आमच्या केंद्राचं नाव होतं. व्हीलचेअरवर तिसऱ्याच केंद्राचं. मी सरळ सांगून टाकलं. मला खोटं बोलायला जमतं, पण लांबवायला जमत नाही.

"ड्रायव्हर कोण?"

चाचा पुढे आले. चमचा अजून हातात होता.

"ही कल्पना तुमची?"

"हो जी." मग थोडं थांबून म्हणाले, "मॅडम, पोरगी पाह्यले पाहुणे आले. कपबशा मागून आणल्या. चूक झाली. पण पोरगी मागून नाही आणली. हे बाळंतपण करणाऱ्या सिस्टर, हे येणाऱ्या बाया, हे सगळं घरचं आहे. कपबशा पाहून पोरीले नापास नका करू."

मॅडमनी चहा संपवला. "आता संध्याकाळी हा मासा घाटाखाली नेणार होतात?"

"तुम्ही जेवून निघाल तं पोचते."

मॅडम हसल्या नाहीत. पण त्यांनी जीपच्या मागचं दार चमच्यानं कसं उघडतं ते चाचांना करून दाखवायला लावलं, दोनदा. माझ्याशी जाताना एकच वाक्य बोलल्या: "चक्कर कमी आहे ना?"

महिन्यानं आदेश आला. जावक क्रमांक, गोल शिक्का, सगळं. तिन्ही केंद्रांचे सामानाचे गुण कापले होते. प्रसन्न वातावरणाचे तर पार शून्य. तरीही खाली लिहिलं होतं: तिन्ही ठिकाणचे प्रसूती कक्ष पुढील तपासणीपर्यंत सुरू ठेवावेत, श्वास देण्याचे साहित्य प्रत्येक केंद्रास तातडीने पुरवावे. आणि शेवटचा मुद्दा: 'मासा एकाच ठिकाणी ठेवण्यात यावा.' डॉक्टरसाहेबांनी आदेश चौकटीत बसवून माशाच्या पेटीवर टांगला. साहित्य, मोठं नवल म्हणजे, खरंच आलं. ते येऊन पडलं तेव्हा चाचांनीच उतरवून घेतलं. दोनदा खोकं उघडून पाहिलं आणि म्हणाले, "हे तं खरंच आलं!"

पुढच्या वर्षी चाचा निवृत्त झाले. त्याच महिन्यात पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाड्या भंगारात काढायचा नियम आमच्या जीपला लागला. "तिले पंधरा झाले, मले अठ्ठावन. दोघंही फिट, कागद अनफिट," ते म्हणाले. ट्रक जीपला ओढून नेत होता तेव्हा तिच्या मागचं दार आपोआप उघडलं. चाचा धावत गेले आणि चमच्यानं लावून आले. निरोपाला शाल आणि नारळ दिला. भाषण करा म्हटल्यावर त्यांनी सांगितलं, "नवा ड्रायव्हर येऊन राह्यला," आणि खाली बसले. नवा ड्रायव्हर ठेकेदारामार्फत पाच महिन्यांनी आला. चांगला पोरगा आहे. गाडीला किल्ली आहे.

चाचा आता वणीला भाच्याच्या गॅरेजवर बसतात. कधी फोन करतात. सुखदुःखाचं काही बोलत नाहीत, "तहसीलदार आहे का?" एवढं विचारतात. आहे. थोडा जाड झालाय. शेपटी तेवढीच.

परवा नव्या तपासणीचं पत्र आलं. गुणांची यादी आता चाळीस पानांची आहे. सामान आमच्याकडे बऱ्यापैकी आहे, पण जंगलातल्या केंद्राचा प्रतीक्षा कक्ष अजून उघडाबोडका. काल मी चिंचेखाली उभी असताना तिथल्या नव्या सिस्टरचा फोन आला. आढेवेढे घेत म्हणाली, "ताई, गुण काठावर आहेत. लेबर रूमचा प्रश्न आहे. तेवढा तुमचा मासा..."

पेटीवरचा आदेश मला पाठ आहे. माझ्या जिभेवर 'येऊन राह्यला' आलंच होतं. ते मी गिळलं.

"आणला म्हणून समज," मी म्हटलं, आणि फोन ठेवून, केंद्रात परत येऊन दुधाची किटली घासायला घेतली.